तुझी काठी वैनीनं टाकली

अण्णा,

तुला पत्र लिहावं असं आपलं कधी नव्हतंच. जे बोलायचं ते पाण्यावर, आपापली टोपलीसारखी गोल पुट्टी काठीनं रेटत, एकमेकांवर ओरडून! पण आज घाटावर सभा झाली, घरी आलो, आणि भांडायला कुणीच न्हाई. म्हणून लिहायलोय.

तू उभा केलेला आपला पुट्टीवाल्यांचा संघ आज मोठ्या युनियनमध्ये गेला.

व्हय, तीच. देशभरच्या कामगारांची. त्यांचा सोलापूरचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा तू काय म्हणाला होतास? "आपली भीमा त्याला काय कळणार? तो तिकडनं संपाचा हुकूम सोडंल आन् आपण यात्रेच्या तोंडावर पुट्ट्या पालथ्या घालून बसू!" मी म्हणायचो, अण्णा, आपण मूठभर माणसं. उद्या कुणी घाट बळकावला तर आपलं कोण ऐकणार? तू ताट सरकवायचास, मी आवाज चढवायचो. वैनी म्हणायच्या, "आधी भाकरी तर गिळा दोघंबी." किती वर्षं चाललं रे ते भांडण! आता जेवताना एवढं शांत असतं की भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

तुझंही काही चुकत नव्हतं म्हणा. गाणगापूरला निघालेली माणसं नदीपार करणारे आपण, एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायचो, भर पाण्यात शिव्या द्यायचो. तूच सगळ्यांना वाळूत बसवलंस आणि पाळ्या लावून दिल्यास. आणि वर तो नेम तुझाच: माणूस मेला तरी त्याची पाळी मरायची न्हाई. त्याच्या पाळीची खेप दुसऱ्यानं मारायची, कमाई त्याच्या घरी पोचवायची. सभेत मत द्यायला त्याची काठीसुद्धा दुसऱ्यानंच धरायची. वाळूत रेघ ओढायची, होकाराची काठी इकडं, नकाराची तिकडं.

तो नेम तुझ्याच घराच्या कामी येईल, असं वाटलं होतं का तुला? तू तापात गेलास, तेव्हापासून तुझ्या पाळीवरच वैनींची चूल पेटायलीय. तुझ्या पाळीला मी तुझीच काठी घेऊन उतरतो. तेवढ्या खेपेपुरता तू हाईस असं वाटतं.

यंदा सरकारच्या हर्रासात चढी बोली लावून एका परक्या ठेकेदारानं घाट घेतला. तो म्हणतो, पुट्ट्या माझ्या, माणसं माझी. आपण दाद मागायला जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबाच्या कचेरीत गेलो, तर शिपायानं आतही सोडलं न्हाई. मग सोलापूरच्या माणसालाच बोलावलं. तो म्हणाला, आमच्यात या, तुमचं भांडण आमचं. बरा माणूस हाय रे. पण मेलेल्याची पाळी त्यांच्या नेमात बसत न्हाई, म्हणाला. हयात माणसाचीच पाळी, हयात माणसाचंच मत.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझी पाळी मीच चालवतो ना.

तुझी काठी माझ्या हातात होती. ती तिकडंच पडणार, नकाराला, यात मला शंका नव्हती. तेवढ्यात वैनी उठल्या. बायका आजवर कधी सभेत बोलल्या होत्या का? सरळ येऊन म्हणाल्या, "भावजी, काठी द्या इकडं."

"वैनी, तुमचीच पाळी जाईल."

"घाटच गेला तर पाळी कशाची? तुमच्या पोरांच्या तोंडचं काढून मला कामून देता? मी रोजानं भुईमुगाच्या शेंगा फोडायला जाईन."

आणि तुझी काठी त्यांनी होकाराला टाकली. तुझी काठी, अण्णा! मग काय, बघता बघता सगळ्यांच्या काठ्या तिच्यावर पडल्या. तुझ्या बाजूला नुसती वाळू राहिली.

ती मोकळी वाळू मला बघवंना. जन्मभर "जाऊ या, जाऊ या" म्हणून तुझं डोकं खाणारा मी, गेलो आणि माझी काठी तिकडं टाकली. नकाराला. एकटीच. सगळे हसले. "ह्याला काय झालं? ह्योच तर जाऊ म्हणायचा!" मला काय झालं ते त्यांना कसं सांगू? तू हरलास तरी चालेल, पण एकटा कामून हरशील?

ठरलं ते बरंच झालं. मला हवं होतं तेच झालं की. मग घरी येऊन मी का रडलो?

आता ऐक. वैनींना मी शेंगा फोडायला जाऊ देणार न्हाई. माझ्या पाळीतली अर्धी भाकरी त्यांची. आणि सोलापूरला मोठी सभा भरंल तेव्हा मी उभा राहीन, तुझ्यासारखाच ताठ, आणि म्हणेन की मेलेल्याची पाळी आमच्या घाटावर चालते, तुमच्याकडंही चालवा. ते ओरडतील माझ्यावर. ओरडू दे. तेवढंच कुणीतरी भांडंल माझ्याशी.

तुझा, आता तुझ्या बाजूचा,
किसन