साक्षीकामी रजा

अमरावती, सोमवार, १० नोव्हेंबर

ती. मोठे बाबांस शुलमीतचा प्रभूत सलाम, वि. वि.

माझी रजा अजून मंजूर झालेली नाही. आज चार वाजता खुद्द हेडक्लार्क, बडेबाबू सूर्यभानजींनी तसे सांगितले, तेही सुपारी कातरत, म्हणजे बातमी पक्की.

मी मेळघाटात जाणार हे कळल्यापासून तुम्ही बोलणे टाकले आहे. महिना झाला, फोन घेत नाही. म्हणून लिहिते. आपल्या चर्चच्या मंडळीतला अनुप अकोल्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, तो पत्रे नेईल-आणील.

झाले असे, की वर्षभराच्या बिनपगारी रजेच्या अर्जात मी खरे तेच लिहिले: रविवारी साक्ष देऊन सोमवारी मिशनच्या वसतिगृहात सेवेसाठी जायचे आहे. देवाने आपल्यासाठी काय केले ते चर्चमध्ये उभे राहून सांगायचे, त्याला आपण साक्षच म्हणतो. बडेबाबूंनी तो शब्द लाल पेनने अधोरेखित केला आणि समन्सची प्रत जोडा म्हणाले. खटला क्रमांक काय, साक्षीदार सरकारचा की आरोपीचा, हेही लिहून मागितले. चर्चचे सांगितले, तर म्हणे जागा कोणतीही असो, साक्ष बाकी असलेल्या माणसाले मुख्यालय सोडता येत नाही.

शनिवारी ऑफिस बंद. शुक्रवारपर्यंत कार्यमुक्तीचा कागद हातात पडला नाही, तर सोमवारची परतवाड्याची जीप माझ्याशिवाय जाईल आणि वॉर्डन म्हणून दुसरी मुलगी नेमतील. चर्चच्या पाळकसाहेबांना मिशनचा तसा स्पष्ट निरोप आहे.

बाकी घाई चालूच. मंडळीतल्या बायकांनी सात बरण्या लोणचे दिले, सातही लिंबाचे. बियाणे तपासणीच्या माझ्या टेबलाचा चार्ज माया घेणार आहे. शंभर हरभऱ्यांतले किती उगवले ते मोजायचे, एवढेच काम. काल तिच्या ट्रेमध्ये एकशे दोन उगवले.

तुम्ही तीस वर्षे कोर्टात बेलीफ होता. समन्सचे काय करू ते कळवावे. मोठ्या आईला सलाम. तोंडी लोभ बंद आहे, निदान लेखी चालू ठेवावा.

तुमची शुलू

*

अकोला, मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. शुलमीत हिस आशीर्वाद. राग कायम आहे, याची नोंद घ्यावी.

बोलणार नाही असे मी म्हणालो होतो. लिहिणार नाही असे म्हणालो नव्हतो. सबब या पत्राने शब्द मोडत नाही. तुझ्या मोठ्या आईला हे पटत नाही. ती म्हणते, पोरीले दोन पानं लिहून राहिले, अन् म्हने बोलत नाही.

सूर्यभानचे बरोबर आहे. साक्ष आणि समन्स म्हणजे नवरा-बायको. एकाला बोलावले की दुसरे आलेच. समन्साशिवाय साक्ष मी फक्त आपल्या चर्चमध्ये पाहिली, आणि तिथे लोक आवरत नाहीत. मागच्या नाताळात माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तुझ्या वडिलांनी, चोरीला गेलेली स्कूटर परत मिळाल्याबद्दल चाळीस मिनिटे साक्ष दिली. त्यातली तीस मिनिटे स्कूटरच्या ॲव्हरेजवर होती.

उपाय सोपा आहे. तो शब्द खोड आणि शेजारी सही कर. हे नियम म्हणून सांगतो, तू जावेस म्हणून नाही. पक्की नोकरी, सत्ताविसावे वर्ष, आणि चाललीस कुठे, तर जिथे फोनला रेंज नाही. तुला पालीची भीती वाटते. तिथल्या जंगलात पालीला कोणी मोजतही नसेल.

मोठी आई तुझ्यासाठी गोधडी शिवते आहे. मी तिला मदत करत नाही. फक्त सुईत दोरा ओवून देतो.

लोभ शिल्लक आहे. तूर्त दाखवला जाणार नाही.

शिमोन

*

अमरावती, बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. मोठे बाबांस प्रभूत सलाम, वि. वि.

शब्द खोडला, सही केली, आणि प्रकरण चिघळले. बडेबाबूंच्या मते मी साक्ष फिरवली. म्हणाले, परवा देतो म्हणत होती, आज खोडून आणली, कोनं दम देला काय तुले?

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या ऑफिसने ठरवून टाकले. आम्ही बियाणे तपासतो, तेव्हा मी बोगस बियाण्यांच्या खटल्यात साक्षीदार आहे, घाबरले आहे, आणि वर्षभर जंगलात लपायला चालले आहे. शिपाई डोमाजी मला स्कूटरपर्यंत पोचवायला येतात, हातात छत्री घेऊन. मायाने हळूच विचारले, गाडी कोणत्या रंगाची होती. मी विचारले, कोणती गाडी. तर ती बाकीच्यांना म्हणाली, पक्की आहे, फुटत नाही.

दुपारी वरूडच्या कोण्या बियाणेवाल्याकडून संत्र्यांची पेटी आली. वर चिठ्ठी, ओळख असू द्यावी. मी त्या माणसाला कधी पाहिलेले नाही. बडेबाबूंनी पेटीचा पंचनामा करून ती परत धाडली. पंचनाम्यात संत्री एकशे चव्वेचाळीस आहेत. परत किती गेली ते विचारू नका. सगळ्यांच्या बोटांना वास येत होता.

मलाही हसू येते, पण दोनच दिवस उरले आहेत, मोठे बाबा. वसतिगृहातल्या मुलींना माझे नाव कळवून झाले आहे. त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले आहे म्हणे.

बडेबाबू पूर्वी अकोल्याला होते, तुम्हाला ओळखतात. खरे काय ते तुम्हालाच फोनवर विचारणार आहेत. त्यांच्याशी न बोलण्याचे तुम्ही ठरवलेले नाही, हे ध्यानात असावे. तेवढ्यापुरता लोभ खर्च करावा.

तुमची शुलू

*

अकोला, गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. शुलमीत हिस आशीर्वाद.

सूर्यभानचा फोन सकाळी सातला आला. मी दाढी करत होतो. खटला कोणता, ते विश्वासात घेऊन सांगा म्हणाला.

आता खरे लिहितो. अशा गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत, एवढे एकच वाक्य मी म्हटले असते तरी पुरे होते. खोटेही ठरले नसते. फाइल बंद, जीप रवाना आणि तू घरी. ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते. गालावरचा साबण वाळून गेला. मोठी आई चहाचे भांडे हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

मग मी त्याला चर्चमधली साक्ष म्हणजे काय ते समजावले. त्याने विचारले, या पोरीजवळ सांगण्यासारखं हाये तरी काय? तेव्हा मी सांगितले की मोठ्या आईचा पाय मोडला तेव्हा तू पाच महिने दर शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने आलीस, तिला न्हाऊ घातलेस, धुणी धुतलीस आणि सोमवारी पहाटे परत गेलीस. हे तू कधी कुठल्या साक्षीत सांगितले नाहीस, हेही सांगितले. तो म्हणाला, हे ऐकीव झालं, फाइलीत लागत नाही. नियमाचा माणूस आहे. त्याला कागद हवा.

तो कागद मी तयार केला आहे. अनुपजवळ देतो. पाळकसाहेबांनी चर्चच्या लेटरहेडवर उतरवून सही-शिक्का करावा. कोर्टाचे नाव नाही, खटला नाही, एक अक्षर खोटे नाही. रविवारी सकाळी दहा वाजता मंडळीसमोर साक्ष देण्यास जातीने हजर राहावे, एवढेच. हजर न राहिल्यास काय, ती ओळ रिकामी दिसत होती, म्हणून तिथे लिहिले, मंडळी जेवायला थांबणार नाही.

हे काम मी बेलीफ म्हणून केले. काका म्हणून विरोध आहेच. लोभाचा हिशेब नंतर पाहू.

शिमोन

*

अमरावती, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. मोठे बाबांस प्रभूत सलाम, वि. वि.

कार्यमुक्तीचा कागद मिळाला. सहाला दहा मिनिटे कमी असताना बडेबाबूंनी स्वतः साहेबांच्या सहीसाठी आत नेला आणि स्वतःच आणून दिला.

त्याआधी थोडे झाले. तुमचे बोलावणे त्यांनी दोनदा वाचले, आवक क्रमांक टाकला, आणि मग विरुद्ध पक्ष कोण ते लिहिलेले नाही म्हणून अडले. मी पाळकसाहेबांना फोन लावून दिला. ते म्हणाले, सैतान. बडेबाबूंनी शांतपणे लिहून घेतले आणि पत्ता विचारला. पाळकसाहेबांना सुचेना. शेवटी पत्ता मिळून येत नाही, असा शेरा मारून फाइल पुढे गेली.

पण एक अट आहे. साक्ष झाली की नाही, याची खात्री करायला बडेबाबू रविवारी स्वतः येणार. ते येणार म्हणून सगळे ऑफिस येणार, अकरा माणसे. डोमाजी छत्रीसह. उलटतपासणी करता येते का, असेही त्यांनी विचारले. आजवर कोणी केली नाही, पण पाच मिनिटे द्यायला हरकत नाही, असे पाळकसाहेब म्हणाले. बायकांनी जेवणाचे तांदूळ वाढवले. लोणचे पुरेल.

फोनवरचे तुमचे बोलणे बडेबाबूंनी ऑफिसात सगळ्यांना सांगितले. मी टेबलाखाली पेन शोधत बसले.

तुम्ही येणार का, ते कळवले नाहीत. या, आणि लोभ बरोबर आणा. गोधडीच्या घडीत मावेल.

तुमची शुलू

*

अकोला, शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. शुलमीत हिस आशीर्वाद.

आम्ही दोघे उद्या सकाळी सातच्या गाडीने येत आहोत. अनुपने दोन जागा धरून ठेवल्या आहेत. गोधडीला तिसरी धरता येत नाही म्हणाला.

सूर्यभानशी आज बोललो. उलटतपासणीतला पहिला प्रश्न माझा राहील. त्याची हरकत नाही. साक्षीदाराला प्रश्न आधी कळवणे रीतीला धरून नाही, तरी कळवतो: काहून चालली?

तू का जाऊ नये, ते मी महिनाभर सांगत आलो, आधी तोंडाने आणि मग तोंड बंद ठेवून. तू का जातेस, ते विचारले नाही. मोठी आई म्हणते, एवढं विचारायले तुमाले पास्टर, बडेबाबू अन् अकरा मानसं लागली.

उत्तर लिहून पाठवू नये. अनुपला तुझ्याकडून पत्र घेऊ नकोस म्हणून बजावले आहे. पाठही करून येऊ नये, पाठ केलेली साक्ष लगेच ओळखू येते. मी पुढच्या बाकावर उजव्या हाताला बसेन. माझा डावा कान कमी चालतो, तेव्हा माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने सांगावे.

मोठे बाबा