पाच नंबरची जागा

१४ नोव्हेंबर

मी ज्यात लिहितो त्या विमान-मासिकाच्या कचेरीतून फिरत फिरत एक शोकाचं कार्ड आलं. करडी किनार, छापील मजकूर — घरात निधन झाल्याने यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही, क्षमस्व. पाठवणारे कोणी इनुकाई तोकुजी. ओळख शून्य! वाचक असावेत. या महिन्यातलं चौथं. खणात टाकलं. माझ्या वयाला शुभेच्छांपेक्षा क्षमस्वच जास्त येतात.

२५ नोव्हेंबर

त्सुइकी. उद्या हवाई तळाचा उत्सव. समुद्राच्या बांधावर दोन ताडपत्र्या अंथरून आलो — एक माझी, एक पाच नंबरची, म्हणजे दरवर्षी इथे भेटणाऱ्या एका म्हाताऱ्याची. अकरा वर्षांचा नेम: आधी पोचेल त्याने दोघांची जागा धरायची. ताडपत्रीवर आकडा लिहिला की पुरे, कुणी पाय ठेवत नाही. त्याचा जीव कसरती करणाऱ्या सहांपैकी पाचव्या विमानावर, माझा सहाव्यावर. एकमेकांना हाकाही त्याच. नाव विचारायची बांधावर रीत नाही.

२६ नोव्हेंबर

आठ वाजले. आला नाही.

दहा. लढाऊ विमानांनी आभाळ टराटरा फाडलं. वडील बौद्ध देवळाचे पुजारी. त्यांनी माझ्याकडून संस्कृत घोकून घेतलं. त्या पोथ्यांतली विमानं फुलांची, बिनआवाजाची. हे सांगायला शेजारी कोणी नाही! तो म्हणाला असता, "सहा नंबर, पोथी मिटा. मान वर!"

नूडल्सच्या टपरीवर ओतानीबाईंना विचारलं.

"ते थर्मासवाले आजोबा? नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही."

"गाव तरी?"

"तेही नाही."

"अहो, मग अकरा वर्षं बोलत काय होतात?"

"पंखांबद्दल."

"धन्य आहात!" म्हणाल्या, आणि माझ्या नूडल्सवर मुरवलेलं लाल आलं जरा जास्तच घातलं.

एका जोडप्याने विचारलं, "इथे बसू का?" मी म्हणालो, "येतोय तो." रिकामी ताडपत्री वाऱ्यावर फडफडत राहिली. चार दगड ठेवले.

दुपारी निळी-पांढरी सहा विमानं आली. पाच आणि सहा मिळून धुराचा बदाम काढतात, अर्धा-अर्धा. मी आज फक्त पाचव्याकडे पाहिलं. त्याच्या वाट्याचं.

२८ नोव्हेंबर

लेख लिहिला. "विक्रमी गर्दी." खोटं नाही.

३ डिसेंबर

नववर्षाची कार्डं लिहायला बसलो. शोकातल्या घरी ती धाडायची नसतात, म्हणून नावं बघायला खण उपसला. इनुकाईंच्या कार्डावर छापील मजकुराखाली पेन्सिलीच्या फिकट ओळी. वाचल्याच नव्हत्या मी!

"सहा नंबर, मासिकातल्या फोटोवरून तुम्हाला केव्हाच ओळखलं होतं. बायको गेली. घर खायला उठतं. एकट्याने निघायचा धीर होत नाही. उत्सवाआधी एक फोन कराल? केलात तर येईन. — पाच."

खाली फोनचा नंबर.

मी बांधावर त्याची जागा धरून, आणि तो घरी फोनपाशी!

३ डिसेंबर, दुपार

लावला. लगेच उचलला. "सहा नंबर बोलतोय," एवढंच फुटलं तोंडातून. पलीकडून पहिलाच प्रश्न — 

"बदाम नीट जुळला का हो?"

"माहीत नाही. मी तुमचाच अर्धा बघत होतो."