लाइट कमी पडलाय

प्रिय दादा,

फोनवर हा विषय काढला की नेमकी तुझ्या दाराची बेल वाजते, नाहीतर रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही. तुझ्या लेकीबद्दल आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आमच्या स्टुडिओतली रीत तुला ठाऊक नसेल. गिऱ्हाईक फोटो हातात घेतं, निरखतं आणि म्हणतं, लाइट जरा कमी पडलाय. मी समजायचं ते समजते आणि चेहरा उजळ करून देते. लाइट मीच लावलेला असतो, चांगला लख्ख! पण 'मला गोरं करा' असं आजवर एकाच्याही तोंडून निघालेलं नाही. मालकही तसलेच. गोरी मुलगी काउंटरवर, काळी आत फोटो कापायला. का म्हणून विचारलं, तर तिला आत निवांत वाटतं म्हणे. मी तिलाच जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, जाऊ द्या ना ताई, मालक चांगले आहेत हो. म्हणजे मागे बसवलंय हिला आणि बाजूही हिनेच घ्यायची! डोकं फिरतं माझं.

आणि आपलं घर काय वेगळं आहे? बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी काढलेला फोटो आठव. वहिनी किती छान आली होती त्यात. आईने बघितल्याबरोबर काय म्हणावं? त्या कोपऱ्यात लाइट कमी पडलाय गं. वहिनी तुझ्या शेजारी, मधोमध उभी होती, दादा! मी म्हटलं, आई, लाइट बरोबर आहे, वहिनी काळी आहे. झालं! आई उठून आत गेली, काकूंना एकदम घरी जायचं आठवलं, वहिनी कपबशा गोळा करायला लागली आणि तू मला बाहेर ओढून म्हणालास, विषय कशाला वाढवतेस, कुणाच्या मनात तसं काही नसतं. मनात नसतं, तर एका शब्दाने सगळ्यांची तोंडं का उतरली? मी सांगते. असल्या गोष्टीचं नाव घेतलं की ती कुणीतरी केलीय असं ठरतं, आणि आपल्या घरात तर सगळेच चांगले. त्या चांगुलपणाला ओरखडा नको, मग वहिनीने रोज गिळलं तरी चालतं.

काल तुझी लेक ओळखपत्राच्या फोटोसाठी माझ्याकडे आली होती, एकटीच. फोटो झाल्यावर स्टुलावरून उठेचना. मग रडत रडत सगळं सांगितलं. शाळेच्या कार्यक्रमाला वहिनीला सुट्टी नाही असं तुला कळलंय ना? सुट्टी आहे. तू येऊ नकोस, बाबांनाच पाठव, असं लेकीनेच तिला सांगितलंय, आणि वहिनीने नेहमीसारखं मुकाट ऐकलंय. पोरीवर ओरडू नकोस. हे तिला कुणी शिकवलं नाही, आपण सगळे गप्प बसलो त्यातूनच ती शिकली. पण आज बोल तिच्याशी, वहिनीसमोर बोल, आणि काळी हा शब्द न चाचरता उच्चार. आता मला उलटून विचारू नकोस की एवढं काय झालं. पोर तुझ्या रंगावर गेलीय. तिच्या मैत्रिणींनी विचारलं, तुला शाळेत सोडायला येते ती बाई तुमच्याकडे कामाला आहे का. तुझी लेक हो म्हणाली.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी