भेंडीला अठ्ठ्याण्णव

मंगळवार, वर्धा

ती भेंडी डोळ्यांपुढून हलत नाही. साथीसाठी सरकारने घेतलेला नवा ऑक्सिमीटर आज उपकेंद्रातल्या कुंदा सिस्टरने पिशवीतल्या भेंडीला लावून दाखवला. अठ्ठ्याण्णव! "पाहा भाऊ, भेंडी ठणठणीत हाय."

खरेदी आरोग्य खात्यातल्या साहेबांच्या मेहुण्याकडून. मी म्हटलं, "साहेब पक्के अद्वैती. त्यांना भेंडी आणि रोगी एकच."

ती हसली, मग एकदम थांबली. "सकाळी दम लागलेल्या गणपतकाकाले याच मीटरनं पाहून घरी धाडलं."

तिने त्यांच्या घरी फोन लावला. स्पीकरवर काकू म्हणाल्या, "कवाचे उठूनच नाई राह्यले."

सिस्टर अनवाणीच धावली, मागून मी. काका गेले होते.

अद्वैत म्हणे! कसला विनोद सुचला मला?

परतलो तेव्हा मीटर भेंडीवरच होता. अजून अठ्ठ्याण्णव.