तुमचं शेवटचं ‘आम्ही’

बाबा, मी कोण ते आठवतं की सांगू? खिशात काडेपेटी विसरायची आणि बारूदच्या फॅक्टरीच्या गेटावरून परत यायचं, असा माणूस तुम्ही. तुमचा काय भरवसा. तुमची पोर आहे मी, म्हातारी झालेली. अक्षर माझं नाही, नातीचं आहे. मी बोलून राहिली, ती लिहून राहिली, आणि मधे मधे चुकून राहिली.

चूक तुमच्या ओळखीचीच आहे. सकाळी म्हणाली, "आजी, चलो, आम्ही बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊ, तुला शाल घेऊ." मी म्हटलं, जा तुम्ही, मी बसते इथंच. तिचं तोंड उतरलं. "अरे, तुलाच तर नेऊन राहिली." मग ‘आपण’ म्हण ना बाई. तर म्हणते, "हिंदी में तो दोनों ‘हम’ ही हैं, आजी." आता कागदावरही तेच चाललं आहे. मी वाचून दाखवायला लावते, ऐकते आणि खोडायला लावते. याला सर्वनाम म्हणतात, असं ती मला शिकवते. असेल.

मला तर तुम्ही हे चुलीपाशी शिकवलं. आई गेली तेव्हा मी कडेवरची. शेजारीपाजारी सगळे हिंदीवाले, माझ्याशी मराठी बोलणारे तुम्ही एकटे. मी भाकरी टोपल्यात टाकते आणि हाक मारते, "बाबा, या, आम्ही जेवू." तुम्ही आपलं ताट उचलता आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बसता. "जेवा तुम्ही. मला काहून बोलावता? मला तर वगळलं." मी रडकुंडीला येऊन "आपण जेवू" म्हणते, तेव्हा कुठे ताट आत येतं. "आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, बाई. आपण म्हटलं की आत येतो. एवढं समजलं तरी पुष्कळ." पुष्कळ कसलं बाबा, तेवढंच राहिलं.

मग लढाई आली. खिडक्यांना काळे कागद लागले, फॅक्टरीचा भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला, तुमची एक पाळी दुसरीला चिकटली. घरी यायचे ते खोकतच. पाठ शेकून दिली की म्हणायचे, "ही लढाई संपू दे, आपण नागपूरला जाऊ, तुला शाळेत घालू." त्या ‘आपण’वर मी तो हिवाळा काढला. लढाई संपली, खिडक्यांचे कागद निघाले, लोकांनी पेढे वाटले, आणि तुम्ही दवाखान्यात.

काका औषध आणायला गेलेले, मी खाटेवर तुमच्या पायाशी. दुपारचं ऊन पांघरुणावर आलेलं. तुम्ही डोळे उघडता आणि अगदी स्वच्छ म्हणता, "बरं बाई, आता आम्ही निघतो." मला हसूच येतं. बाबा चुकले, आणि चूक मी पकडली. मी तुमच्यासारखाच आवाज काढते, "आम्ही नाही, आपण म्हणा." तुम्ही मान हलवता. "नाही. आम्हीच. तुझी आई थांबून राहिली."

काकांना मी सांगितलं, तापात बरळले. तेराव्यानंतर त्यांनी मला चेरीतालच्या मोहल्ल्यात आपल्या घरी नेलं. वाईट कोणी वागलं नाही. मराठीही त्यांची शुद्ध होती. "आम्ही सिनेमाला जाऊन येतो," म्हणायचे, आणि जाऊन यायचे. मी दार लावून घ्यायची. तेव्हा समजलं, तुम्ही बरळला नव्हता. शब्द नीट पाहून निवडला होता, आणि पोर उंबऱ्याबाहेर राहिली.

नात विचारून राहिली, पत्ता काय घालू. म्हटलं, काही नको, घडी करून माझ्या उशीखाली ठेव. तुम्ही दोघं तिकडे ‘आम्ही, आम्ही’ करत सुखात असाल. रागावले नाही मी. हेवा वाटतो, थोडा. काही पाठवायचंच असेल तर आईला गोळाभात करायला सांगा. तिच्या हातची चव मला आठवत नाही, हे मात्र तिच्याजवळ बोलू नका. वरून हिंगाचं कढत तेल जरा सढळ घालून पाठवा.