कलती मान

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, ते द्यायची सवय आहे म्हणून.

परवा तुझ्या नव्या दुकानातून चहा न घेता निघालो. चारचौघांत तुला नकल्या म्हणालो, तो शब्द मागे घेणार नाही. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि तू कात्री उचलून मान डाव्या खांद्याकडे टाकलीस, थेट माझ्यासारखी. बाकावरची माणसं माझ्याकडे बघून हसली. लहानपणी गल्लीतली पोरं माझ्यामागून अशीच मान वाकडी करून चालायची. त्यांचं सोड. पण ज्याला मी कात्री धरायला शिकवली, त्यानं भर दुकानात माझं व्यंग करून दाखवावं?

तुझ्या वहिनीचा यात दोष नाही. तिला लिहीत जा.

तुझा,
दादा


ता. ११ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. शपथेवर सांगतो, मी मान कलती करतो हे मला ठाऊकच नव्हतं. कात्री घेऊन आरशात बघितलं, तर समोर तू! तुझ्या कोपराशी उभा राहून शिकलो रे. कात्री तेवढी घे आणि मान राहू दे, असं कुणी सांगितलंच नाही.

बाकावरचे पोस्टमन म्हणत होते की, धाकट्याच्या दुकानात दादाच आलाय, आता काळजी नाही. म्हणून सगळे हसले. ते ऐकायला तू थांबला नाहीस.

आता मान ताठ ठेवून कापतोय. काल शाळेच्या शिपायाचा एक कल्ला वर, एक खाली झाला. भला माणूस, मुकाट टोपी घालून गेला. बाकीचे इतके भले नाहीत. बाक रिकामा पडायला लागलाय. दुकान बुडालं तर बुडू दे, पण तुला पुन्हा तसं वाटू देणार नाही.

वहिनीला नमस्कार. राग ओसरला की दोन ओळी टाक.

तुझा,
धाकटा


ता. १६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचलं. शिपायाच्या टोपीपाशी तिला हसू आवरेना. मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं. मग ती म्हणाली की, माझ्याशी बोलताना तिचीही मान कलते, इतक्या वर्षांत मी कधी बघितलं नाही. बघितलं, तर खरंच. कोण हसतंय तेवढंच बघत आलो मी, दुसरं काय!

फार लाज वाटते रे. तुझ्या पहिल्याच दिवशी मी तुला सगळ्यांदेखत घालून पाडून बोललो.

गुरुवारी येतो. पोस्टमनना आणि त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलावून ठेव. ज्यांच्यासमोर बोललो, त्यांच्यासमोरच शब्द मागे घेईन आणि तुझ्या खुर्चीत बसेन. केस मानेवर आलेत. आणखी एक, आजवर कुणाला बोललो नाही: ताठ मानेच्या कारागिरांना माझे कल्ले कधीच सारखे जमले नाहीत. तू आपल्या सवयीनं काप.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा,
दादा