यानमची ओहोटी

११ जानेवारी

पोचलो एकदाचे! सेवाग्रामहून विजयवाडा, तिथून काकीनाडा आणि शेवटी एक खडखडती बस. अंग आंबून गेलं होतं, पण खोलीची खिडकी उघडली आणि सगळा शीण पळाला. समोर गोदावरी, आमच्या आंजी गावच्या धाम नदीसारख्या कितीतरी नद्या पोटात घेऊन बसलेली. समुद्र इथून जवळ आहे, म्हणून भरती-ओहोटी थेट यानमपर्यंत येते. ओहोटी लागली की नदीच्या मधोमध वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो.

गाव एकेकाळी फ्रेंचांचं. जुनं चर्च, जाड भिंतींची घरं, रस्त्यांना परकी नावं. घरमालकीण साठीची, सगळे तिला अम्मा म्हणतात. हिंदी मोडकी, हात मात्र सुगरणीचा. तिच्या तळलेल्या कोळंबीबरोबर नागेशनं भात मागून मागून खाल्ला. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स, हा वीज मंडळात लाइनमन. लग्नानंतर दोघांची रजा पहिल्यांदाच जुळली. घरी कापूस वेचणीला आला असतानाही आई म्हणाल्या, जा, फिरून या. सखूबाईंसारखी सासू मिळायला नशीब लागतं.

१२ जानेवारी

भाड्याची स्कूटर घेऊन पुलापलीकडच्या खेड्यांत गेलो. नारळाची दाट बनं, कालव्यांत बदकांचे थवे, कोवळी हिरवी भातरोपं. आमच्याकडे या दिवसांत कपाशीच्या वाळक्या, करड्या पळाट्या. इथल्या हिरव्या रंगानं डोळे निवले. नागेश वाटभर गात होता. विजेच्या तारा नारळांच्या झावळ्यांत अडकलेल्या पाहून मात्र त्याच्यातला लाइनमन जागा झाला. इथल्या माणसांचे पावसाळ्यात काय हाल होत असतील, म्हणाला.

संध्याकाळी घाटावर बसलो होतो. तो एकदम उठून उभा राहिला. कुणीतरी दादा म्हणून हाक मारली म्हणे. मी हसले, इथं सगळे तेलुगू बोलतात, तुला कोण दादा म्हणणार?

"नाई अंजू. आपल्याच बोलीत होती."

१३ जानेवारी

आज होडीनं खारफुटीच्या जंगलापर्यंत गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. परतताना ओहोटी लागली होती. वाळूच्या पट्ट्याजवळ आलो तसा नागेश पुढे वाकला आणि हात हलवू लागला. मला तिथं कुणी दिसलं नाही. नावाड्याला दिसलं असावं, कारण त्यानं होडी झटकन दुसऱ्या अंगाला वळवली आणि किनाऱ्याला लागेपर्यंत मान वर केली नाही.

खोलीत आल्यावर नागेश म्हणाला, कुंदन होता.

कुंदन माझा दीर. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला धामवर गेला, पूर आला. बैल निघाले. तो सापडलाच नाही. आईंनी अजून त्याचं शेवटचं कार्य करू दिलेलं नाही.

धामचं पाणी वर्धा नदीत जातं, वर्धेचं पुढे गोदावरीत येतं. हे मला शाळेपासून माहीत आहे. इथं येण्याचं ठरवताना कसं सुचलं नाही?

नागेश रडला नाही. तो खूश होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

१४ जानेवारी

संक्रांत. दारोदार तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या. मी अम्माला सगळं सांगितलं. तिच्या हातातलं पीठ सांडलं. म्हणाली, वरच्या मुलखात बुडालेले इथं येऊन अडतात, समुद्र त्यांना घेत नाही. घरचं माणूस वाळूवर भेटायला गेलं तर एकच जण परत येतो. आजच्या आज घेऊन जा त्याला, म्हणाली. स्वतः मात्र कडी लावून लेकीकडे निघून गेली.

मी धावत खोलीत आले. नागेश नव्हता.

खिडकीतून दिसला. गुडघाभर पाण्यातून वाळूकडे चालला होता. मी घाटावरून घसा फाटेस्तोवर ओरडले. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. मग भरती आली, पट्टा बुडाला. लोक जमले, होड्या गेल्या —

दिवस कलताना तो आपल्या पायांनी घाटाच्या पायऱ्या चढून आला. नखशिखांत भिजलेला. मी त्याला मिठी मारली. अंग गार होतं. गार म्हणजे — मी नर्स आहे, असं गार अंग मी ओळखते.

१५ जानेवारी

जेवत नाही. अंथरूण ओलं. पुसलं तरी ओलंच.

सकाळी पाठीमागून हाक आली, "वयनी, पाणी दे नं."

मला वयनी म्हणणारा एकच होता.

थट्टा असेल. धक्का बसला असेल त्याला. आईंना फोन लावला, आवाज ऐकून भानावर येईल म्हणून त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बोलला, हसत हसत. मग फोन माझ्याकडे. आई रडत होत्या.

"अंजू, माह्या कुंदनचा आवाज होय हा! कुठं सापडला वं? काऊन नाई सांगितलं मले?"

मी फोन घेऊन दाराबाहेर आले.

"अन् नागेश कुठं हाय? त्याले दे नं फोन."

— दुपार

बॅग भरली. बस आहे. तो दारात उभा, चेहरा नागेशचाच. पायांखाली पाण्याचं थारोळं.

"वयनी, चाल. पाणी उतरलं. दादा वाट पाहून राह्यला."

खिडकीकडे बघायचं नाही. नाही बघणार —

बघितलं.

वाळूवर नागेश. माझाच नागेश. कंबरेवर हात ठेवून उभा, नेहमीसारखा. मला बघून हात हलवतोय.

अम्मा म्हणाली एकच परत येतो. पण कुंदन आलाय, मग नागेश — मी गेले तर तो —

पाणी घोट्याएवढंच आहे. उजेड आहे. नुसता हात धरून त्याला ओढून —

तो ओरडतोय काहीतरी. येऊ नको म्हणतोय की ये, कळत नाही, वारा —

नागेश, मी आ